घाटात नाहीतर पठारावर कॅराव्हॅन बंद पडली तर काय करायचं: सातारा-सांगलीच्या आडवाटांसाठी

हल्ली ट्रॅव्हलर नाहीतर बोलेरो घ्यायची, आत बेड, गॅस, फ्रिज बसवायचा आणि कास, बामणोली, कोयना, चांदोली करत फिरायचं हे वेड लय वाढलंय. चांगलंच आहे. पण या गाड्यांबद्दल जे वाचायला मिळतं त्यात पडदे कुठले लावले आणि फोल्डिंग टेबल केवढ्याला पडलं हेच जास्त असतं, गाडी बंद पडली की काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

पुणे-बेंगळुरू हायवेवर, म्हणजे खंबाटकी ते पेठ नाका या पट्ट्यात गाडी थांबली तर फार डोकं लावायचं कारण नाही, १०३३ (हायवेची हेल्पलाइन) लावायचा, बाजूला उभं राहायचं, नाहीतर जवळपास कुठला तरी पंक्चरवाला किंवा गॅरेज सापडतंच. मी बोलतोय ते यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढे बामणोलीकडे उतरतो त्या रस्त्याबद्दल, ठोसेघर-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठाराबद्दल, हेळवाक-कोयनानगरच्या आतल्या वाड्यांबद्दल, शिराळ्याकडून कोकरूड, आरळा, मणदूर करत चांदोलीला जाताना जो भाग लागतो त्याबद्दल, आणि उलट्या बाजूला जत, आटपाडी, माणच्या माळाबद्दल जिथं एप्रिलमध्ये बॉनेट उघडायला फडकं लागतं. इथं गाडी थांबली की लोक पहिल्यांदा बॉनेट उघडतात आणि आत बघत बसतात. बॉनेट नंतर. गाडी कुठे उभी आहे आणि निरोप कोणाच्या हातात द्यायचा, या दोन गोष्टी आधी नीट झाल्या तर बाकीचं निस्तरतं, त्या चुकल्या तर बारीक बिघाडाचं पण मोठं लचांड होतं.

उभं कुठे राहायचं

गाडी कुरकुर करायला लागली, टेंपरेचरचा काटा चढला, पिकअप गेला, तर वळणाच्या आत थांबू नका. जमेल तोवर पुढचा सरळ पट्टा गाठा, जिथून येणाऱ्याला आपण लांबून दिसू. वळणावरच अडकलात आणि मागे उतार असेल तर एका माणसाला मागे नजर ठेवायला लावून हळूहळू मागे घेऊन बाजूला लावणं कधीकधी बरं पडतं, फक्त इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा घट्ट होतो आणि स्टेअरिंग पण जड होतं हे डोक्यात ठेवा, अडीच-तीन टनांची गाडी आहे ती, हातगाडी नाही.

चढावर उभी केली तर पहिल्या गिअरमध्ये, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्समध्ये, पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून, आणि चाकांना दगड. दगड गोल नको, चपटा आणि धारेचा बघा. हँडब्रेकवर एकट्यावर भरवसा नको, कॅराव्हॅन केलेल्या गाडीचं वजन कंपनीच्या मूळ हिशोबापेक्षा जास्त असतं.

धोक्याचा लाल त्रिकोण लावायचा तो गाडीला चिकटून नाही. निदान पन्नास पावलं मागे, घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणारा वळायच्या आधी बघेल असा. त्रिकोण नसेल तर आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहितीय, झाडाची फांदी आणि चार दगड. ती चालते. पण निघताना ते दगड उचलून बाजूला टाका हो! कुंभार्ली घाटात गाडी निघून गेलेली असते, फांदी वाऱ्याने उडालेली असते आणि रस्त्याच्या मधोमध तीन धोंडे तसेच पडलेले असतात, रात्री एखादा मोटरसायकलवाला त्यावर जातो. याचा मला फार राग येतो.

दिवाळीनंतर उसाचा सीझन सुरू झाला की अजून एक गोष्ट. रात्री डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाईट नसते, त्यांना ब्रेक पटकन लागत नाही आणि ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. त्यामुळं कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात रात्री डांबरावर गाडी उभी ठेवून आत झोपायचं नाही, काही झालं तरी नाही. चाकं साईडपट्टीच्या खाली गेली पाहिजेत, नाहीतर माणसं गाडीबाहेर पाहिजेत. पावसाळ्यात माणसं बाहेर काढली तरी ती कापलेल्या दरडीच्या खाली उभी करू नका, कठड्याच्या बाजूला पण नको, थोडं चालून मोकळी जागा बघा.

गाडी तापली

घाटात सगळ्यात जास्त हेच होतं आणि याचं निम्मं कारण आपणच गाडीत भरलेलं असतं. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, दोन बॅटऱ्या, सिलेंडर, प्लायवूडचा बेड, वर सोलर, वर कॅरिअर, आणि हे सगळं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये यवतेश्वर चढायचं मे महिन्यात दुपारी एक वाजता, एसी लावून. गाडी तापणार नाही तर काय होणार. वापरायच्या पाण्याची टाकी खालून भरून नेऊ नका, वरच्या गावात भरा, आणि रेडिएटरसाठी म्हणून वीस लिटरचा एक कॅन मात्र कायम भरलेला ठेवा. चढ सकाळी चढा.

काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. उन्हाळ्यात हीटर लावा म्हटलं की लोक वेड्यात काढतात पण इंजिनची गरमी तेवढ्याच वाटेने केबिनमध्ये निघते आणि काटा खाली येताना दिसतो. मग बाजूला घेऊन थांबा. आता इंजिन बंद करायचं का चालू ठेवायचं यावर नेहमी वाद होतो, तर साधं आहे: नुसती चढाने तापली असेल, वाफ नाही, खाली पाणी सांडत नाही, तर दोन-तीन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, पंप आणि फॅन फिरत राहतो. वाफ येतेय, खाली गळतंय, किंवा काटा लालच्या पुढे गेलाय, तर लगेच बंद.

आणि डॅशवर बॅटरीची लाल लाईट आणि तापमान हे दोन्ही एकदम आले तर समजायचं बेल्ट गेला. एकच बेल्ट बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो, तो तुटला की चार्जिंग पण बंद आणि पाणी फिरणं पण बंद. तेव्हा 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार करायचाच नाही, इंजिनचं हेड उडेल. अजून एक, बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, म्हणजे बेल्टबरोबर ब्रेकचा जोर पण जातो. उतारावर हे झालं तर किती महागात पडेल ते सांगायला नको.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सगळ्यांना पाठ आहे तरी लोक उघडतात, कारण शेजारी कोणीतरी उभा असतो जो म्हणतो, "पाणी घाला की, त्यात काय एवढं." आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं, झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरच्या होज पाईपला हात लावून बघा, हात ठेवता आला आणि पाईप दाबल्यावर मऊ लागला, मग ओलं फडकं टाकून झाकण अर्धं फिरवा, सुस्कारा निघू द्या, मग पूर्ण. थंडगार पाणी भसकन ओतू नका, इंजिन चालू करून थोडं थोडं घाला.

पाणी घातलं आणि खाली आलं तर गळती शोधायची. रेडिएटर फुटलेला असेल असं लोकांना वाटतं, पण पुष्कळदा होजच्या टोकाची क्लिप ढिली झालेली असते किंवा क्लिपच्या अगदी कडेला पाईप चिरलेला असतो. एकदा पाटणमध्ये एका फिटरला मी हे काम करताना बघितलं. त्याने क्लिप काढली, पाईपचं चिरलेलं टोक ब्लेडने बोटभर कापलं, पाईपचं तोंड गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून मऊ केलं, परत चढवला, क्लिप आवळली, नवीन पार्ट काही नाही. पाईपला तेवढी लांबी शिल्लक असेल तर हे कोणालाही जमतं, एक स्क्रू ड्रायव्हर आणि कटर लागतो. पाईप मधेच चिरला असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वरून तार किंवा झिप टाय, आणि झाकण पूर्ण न आवळता, दाब कमी ठेवून हळू चालवत गॅरेज गाठायचं. एम-सील रेडिएटरच्या बारीक भोकाला चालतं पण तो भाग कोरडा आणि पॉलिश पेपरने घासलेला पाहिजे, ओल्यावर लावलं तर पहिल्या चढाला सुटतं.

फॅन फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच मापाचा असतो, पिना आणि आकडे जुळत असतील तर अदलाबदल करून बघता येते. हॉर्नशिवाय घाट उतरता येत नाही म्हणाल, तर तोंड आहेच की.

ब्रेक

उतरताना कुठला गिअर? ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. एसटीचे जुने ड्रायव्हर हेच सांगतात आणि याच्यापेक्षा चांगलं कोणी सांगितलेलं मला माहिती नाही. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

जळका वास आला, पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर ब्रेक थकलेत. लगेच थांबा, ताकद आहे तोवरच. चाकावर पाणी मारू नका, तापलेला ड्रम नाहीतर डिस्क तडकते. गाडी गिअरमध्ये आणि दगडावर ठेवा, हँडब्रेक करकचून ओढू नका कारण तापलेले लायनर गार होताना चिकटून बसतात. अर्धा तास. चहा करा, गाडीत गॅस कशाला बसवलाय. पेडल परत घट्ट झालं तर हळू उतरा. घट्ट झालं नाही, स्पंजासारखं लागतंय, तर ब्रेक ऑइल उकळून पाईपात वाफ झालीय किंवा कुठे गळती आहे, मग चालवायची नाही, क्रेन नाहीतर मिस्त्री. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. फोटो टाकण्यासाठी गाडीला हजारोंचे दिवे लावणारे लोक हे ऑइल बदलत नाहीत.

चावी फिरवली, काहीच नाही

सकाळी कोयनेच्या बॅकवॉटरला मस्त जाग येते, चावी फिरवली आणि नुसतं 'टिक'. रात्रभर फ्रिज, पंखा, मोबाईल चार्जिंग, सगळं स्टार्टरच्या बॅटरीवर चाललं असेल तर हे होणारच. फ्रिज-पंख्यासाठी 'घरची' बॅटरी वेगळी आणि मधे आयसोलेटर (दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तोडून ठेवणारा स्विच), हे नसलेली गाडी घेऊन आडरानात मुक्कामाला जाऊ नका.

वेगळी असेल तर निम्मं काम झालं, घरची बॅटरीच जंपला वापरायची. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी तिथंच उडते आणि बॅटरीजवळ गॅस असतो. घरची बॅटरी लिथियमची असेल तर मात्र थेट स्टार्टर मारू नका, स्टार्टर एकदम इतका करंट ओढतो की तिचं बीएमएस (आतलं संरक्षणाचं सर्किट) कट होतं. वायरी जोडून पंधरा-वीस मिनिटं नुसतं ठेवा, मेलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो, मग वायर काढून सेल्फ मारा.

बॅटरीला दोष द्यायच्या आधी टर्मिनल हलवून बघा. पांढरी-निळी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओता, घासा, आवळा. यानेच गाडी चालू झाली की फुकटचं समाधान.

सेल्फ व्यवस्थित फिरतोय पण इंजिन घेत नाही, तर डिझेलकडे बघा. टाकी कोरडी पडून परत डिझेल भरलं तर पाईपात हवा राहते, गाडीने 'एअर घेतली' म्हणतात ते हे. फिल्टरवर हातपंप असतो, हवेचा बोल्ट थोडा ढिला करून पंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग नुसतं डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. जुन्या गाडीत मिस्त्री लोक इंजेक्टरचे नट ढिले करून हवा काढायचे, तुम्ही ते बघितलेलं असेल, पण आताच्या कॉमन रेल गाडीला तिथं हात लावू नका, त्या पाईपात हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीच्या आत घुसतो आणि हात कापायची वेळ येते.

रात्री शेताच्या कडेला मुक्काम केला असेल आणि सकाळी एखादी विचित्र गोष्ट बंद असेल, उदाहरणार्थ एकच इंडिकेटर किंवा फ्यूएल मीटर, तर उंदीर. बॉनेटखाली वायरीचे कुरतडलेले तुकडे दिसतील. इकडे लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतात. उंदराला ती किती नावडते देव जाणे, पण वायर जोडायला इन्सुलेशन टेप आणि मीटरभर वायर असली की झालं.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर दोन लाईट ओळखायला शिका. डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची लाईट आली तर थांबू नका, उलट मोकळ्या रस्त्याला घेऊन एक गिअर कमी ठेवून पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा, आतली काजळी जळते. घाटात दिवसभर पहिल्या-दुसऱ्यात रांगलात की ही लाईट येते. आणि गाडीला डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) लागत असेल तर ते संपायच्या आत भरा, ते संपल्यावर एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही, आणि बामणोलीत डीईएफ मिळत नाही.

पंक्चर

बोल्ट गाडी खाली असतानाच ढिले करा, मग जॅक. जॅकखाली जाड फळी, जांभ्याच्या मुरमात जॅक आत जातो. गाडीबरोबर आलेला जॅक रिकाम्या गाडीच्या हिशोबाचा असतो, पाच टनी बाटली जॅक घ्या आणि लांब पाईप ठेवा, पान्याला टॉमी म्हणून लावायला. घाटात उतारावर चाक बदलू नका, हवा गेलेल्या टायरवर शंभर-दोनशे मीटर रांगत सपाट जागेला गेलात तर फार तर टायर जाईल. गाडी जॅकवर असताना खाली कोणी जायचं नाही आणि आत कोणी बसायचं नाही, पोरांना आधी उतरवा. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नास किलोमीटरनंतर परत एकदा.

ट्यूबलेस असेल तर पट्टीचा किट आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, काम दहा मिनिटांचं. बाजूची भिंत फाटली असेल तर पट्टी बसत नाही, नाद सोडा. मागे डबल टायर असतील तर रोज सकाळी दोन्हींच्या मधे बघा. खडीच्या रस्त्याला तिथं दगड अडकतो, अगदी मुठीएवढा, घट्ट बसलेला, बाहेरून दिसत पण नाही, आणि तो आतून दोन्ही टायर कापत राहतो. टॉमीने उचकटून काढायचा, तोंड बाजूला ठेवून.

चिखल आणि पाणी

पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, पाणी उतरायला कधी दोन तास लागतात कधी रात्र. समोरून वडाप (शेअर जीप) येतं आणि पाणी उडवत निघून जातं म्हणून आपण पण घालायची असं नाही, त्याला त्या फरशीची कड झोपेत पण माहिती असते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका. इंजिनने पाणी ओढलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च लाखात जातो. ढकलून नाहीतर ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर तिथंच विषय थांबवा.

जतकडची काळी माती दोन सरी आल्या की चाकाला इतकी चिकटते की चाक फिरायचंच बंद होतं. रुतलात तर रेस करू नका, तेवढं खोल जाल. चाकापुढची माती उकरा, दगड-काटक्या-पायपुसणं काय असेल ते घाला, टायरची हवा तिसरा हिस्सा कमी करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. बाहेर आल्यावर हवा परत भरा. नाहीच निघाली तर ट्रॅक्टर.

मदत कोणाकडून येते

कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर ठेवा, पण बारीक अक्षरात शहरापासून किती किलोमीटरपर्यंत आणि कुठल्या रस्त्यावर येणार ते निघायच्या आधी वाचा. मॉडिफाय केलेली गाडी आरसीवर आणि विम्यात तशी नोंदवलेली नसेल तर ऐनवेळी हात वर करायला त्यांना तेवढं कारण पुरतं.

कासच्या पलीकडे उतरलं की रेंज येते-जाते. मोबाईल 'फक्त इमर्जन्सी' दाखवत असेल तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. माणूस दुखावला असेल तर १०८. फोन लागत नसेल तर मेसेज टाकून ठेवा, क्षणभर रेंज आली की जातो. पठारावर असाल तर उंच भागाकडे चालत जा, पण दिवसा. चांदोली-कोयना हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, गवे आणि अस्वल आहेत, अंधारात मोबाईलची बॅटरी लावून जंगलातून रेंज शोधत फिरायचं नाही. जंगलाच्या हद्दीत गाडी अडकली तर जवळच्या वनखात्याच्या चौकीला आधी कळवा, त्यांच्याकडे वायरलेस असतो आणि उद्या 'बेकायदा मुक्काम केला' असं पण होत नाही.

खरी मदत येते ती गावातून, आणि तिचं टाइमटेबल असतं. सकाळ-संध्याकाळ दुधाची गाडी येते, तिचा ड्रायव्हर रोज त्याच रस्त्याने जातो, कुठला मिस्त्री चांगला, कोणाकडे वेल्डिंग, कोण आज लग्नाला गेलाय, सगळं त्याला ठाऊक. मग वडाप. आणि मुक्कामी एसटी, जी रात्री शेवटच्या गावात थांबते आणि पहाटे शहराकडे निघते. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रात्रीच भेटा, बिघडलेला पार्ट आणि गॅरेजचं नाव त्यांच्याकडे द्या. पार्ट मागवायचा असेल तर जुन्या पार्टचा फोटो, त्याच्यावरचा नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर हे तिन्ही पाठवा, नुसतं 'ट्रॅव्हलरचा बेल्ट' म्हटलं की चुकीचाच येतो. साताऱ्याच्या किंवा कराडच्या दुकानदाराला वडापमध्ये ठेवायला सांगितलं की दुपारपर्यंत गावाच्या फाट्यावर पोचतो.

ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना जरा रीत ठेवा. तो रान सोडून येतो. "दादा, गाडी अडकलीय, जरा ओढून देता का, डिझेलचं आणि तुमचं काय ते सांगा," एवढं आधीच बोलून टाका. तो बहुतेक "बघू की, आधी काढू तर" म्हणेल. नंतर घासाघीस करू नका, उगाच पाचशेची नोट खिडकीतून दाखवू पण नका. टोचन करताना, म्हणजे गाडी बांधून ओढताना, साखळी हुकलाच लावा, बंपरला नाही, चावी ऑनला ठेवा नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं, आणि साखळीच्या आसपास कोणी उभं राहू नका, तुटली तर सरळ पायावर येते. घाटात उतारावर दोरीने टोचन करायचं नाहीच, तिथं फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक). वाट बघावी लागली तर बघा, घर बरोबर आहे तुमच्या.

वाट बघताना रात्र झाली तर सिलेंडरचा नॉब बंद, डिझेलचा वास येत असेल तर शेगडी अजिबात नाही, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून खिडक्या बंद करून झोपायचं नाही.

गाडीत काय असावं

मोठी यादी करत बसत नाही. बेल्ट, वरचा-खालचा होज, चार-पाच क्लिपा, फ्यूज आणि एक रिले, डिझेल फिल्टर, दोन लिटर कूलंट, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, एम-सील, झिप टाय, तार, टेप, जाड जंप केबल, जॅक, फळी, टॉमी, हेडलॅम्प. हातातली टॉर्च नको, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, पण गावांची नावं आणि अंतरं एका कागदावर पण लिहा. आणि बेल्ट स्वतः एकदा घरी दारात बदलून बघा, पावसात कुंभार्लीला पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही ती.

निघाल्यावर

जुगाड करून गाडी चालू झाली की लोक खुश होऊन पुढचा प्लॅन सुरू ठेवतात. तसं करू नका. पहिल्या पाच किलोमीटरला थांबा, खाली वाका, गळतंय का बघा, चाकाच्या मधोमध हाताची पाठ नेऊन कुठलं जास्त गरम आहे का बघा, मग वीस किलोमीटरला परत. ट्यूबची पट्टी लावलेला पाईप, एम-सील लावलेला रेडिएटर हे सगळं कराड, सातारा, सांगली जे जवळ असेल तिथं त्याच दिवशी बदला, डोंगराकडे तोंड असेल तर मागे फिरा. गॅरेजमध्ये काढलेला जुना पार्ट मागून घ्या. खरंच बदलला की नाही ते कळतं, आणि नंबर त्याच्यावर असतो, त्याच नंबरचा अजून एक घेऊन सीटखाली टाकून ठेवा.